विळी माळ्यावर गेली. आता फळीचे काय?

अंबरपेठेतील जुन्या मराठी घरांत विळी आता दोनच ठिकाणी सापडते. एक माळ्यावर, पितळी घंगाळ आणि पाटा-वरवंट्याच्या शेजारी; आणि दुसरी, घरातल्या सर्वांत वडील बाईंच्या हाताशी. कौलारू घरांच्या जागी मजले उभे राहिले, चूल गेली, ओटा उंच झाला आणि बसून चिरणाऱ्या घराला उभे राहून चिरण्याची सवय लागली. विळीच्या जागी सुरी आली. आणि सुरीच्या पाठोपाठ, कोणाचे फारसे लक्ष नसताना, एक फळी आली. घरातली मुले तिला चॉपिंग बोर्ड म्हणतात.

सुरी घेताना आपण निदान अंगठ्याने धार पाहतो. फळी मात्र कोणी निवडत नाही. ती येते. कधी दिवाळीच्या भेटीतून, कधी सुऱ्यांच्या संचाबरोबर फुकट, कधी बेगमबाजारात डबे-पातेली घेता घेता पिशवीत पडते. बहुधा ती प्लास्टिकची असते. वर्ष सरता सरता तिच्यावर चऱ्यांचे जाळे उठते, त्या चऱ्यांत हळद बसते, आणि तरीही ती पुढे पाच-सहा वर्षे ओट्यावर नांदते. ज्या घरात तांदूळ निवडून घेतात, चिंच जुनी की नवी ते चव घेऊन ठरवतात, त्या घरात रोजची भाजी जिच्यावर चिरायची तिच्याविषयी इतकी बेफिकिरी असावी याचे नवल वाटते.

नवलाचे कारण मात्र सरळ आहे. आपल्या स्वयंपाकघराला फळीची गरजच नव्हती. विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी फिरते. पाटावर पाय रोवला की दोन्ही हात मोकळे होतात. दुधी असो, कोबी असो, अंबाडीची जुडी असो, ती पात्यावर पुढे ढकलायची आणि फोड खाली ताटात पडू द्यायची. धार भाजीतून जाते आणि पलीकडे हवेत निघते. लाकडाला, दगडाला किंवा धातूला ती टेकतच नाही. म्हणून बऱ्या लोखंडाची विळी दीर्घकाळ धार धरून राहते. सुरीचे नेमके उलटे. मेथीची एक जुडी बारीक चिरायची तर सुरीची धार शंभरदा खाली आपटते. ज्यावर आपटते त्यावर त्या धारेचे आयुष्य ठरते.

लाकूड विळीतही होतेच. आपले तेलुगू शेजारी तिला कत्तिपीट म्हणतात. त्यातला पीट म्हणजे आपला पाट. कानडीत ती ईळिगे मणे, आणि मणे म्हणजेही पाटच. पण त्या पाटाचे काम बसण्याचे आणि पाते धरून ठेवण्याचे. घाव सोसण्याचे काम त्याच्याकडे कधीच नव्हते. तेव्हा फळी कशी निवडावी, कशी राखावी, याविषयी आजी-पणजी काही सांगून गेल्या नाहीत यात त्यांचा दोष नाही. ते ज्ञान आपल्याच पिढीला गोळा करावयाचे आहे.

पोळपाटाचा बळी

फळी नसलेल्या घरात पहिला बळी जातो तो पोळपाटाचा. घाईच्या सकाळी हाताशी तोच असतो. एक कांदा, दोन मिरच्या, एवढ्यासाठी कशाला दुसरे काही काढा, असे म्हणून त्यावर सुरी चालते. पोळपाट गुळगुळीत राहण्यातच त्याचे सारे गुण आहेत. एकदा चरे पडले की त्यांत कणीक अडकते, ती ओली राहते, आंबते. पोळी लाटताना चिकटते. आणि सणाच्या दिवशी पुरणपोळीला कालच्या लसणाचा वास येतो. पोळपाटावर सुरी लावू नये, हा नियम ज्या घरात फळी आहे त्या घरानेही मुलांना आवर्जून सांगावा.

दुसरा प्रकार ओट्यावरच चिरण्याचा. ग्रॅनाइट धुऊन निघतो हे खरे, पण तो पोलादाहून कणखर आहे. त्यावर चार दिवस चिरले की सुरी टोमॅटोची साल कापण्याऐवजी चिरडू लागते. काचेच्या आणि संगमरवरी फळ्यांचे तेच. हल्ली स्टीलच्या पत्र्याच्या फळ्या निघाल्या आहेत, त्यांचेही तेच. बोथट सुरी ही धारदार सुरीपेक्षा अधिक धोक्याची, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ती निसटते. फळी पात्यापेक्षा मऊ आणि भाजीपेक्षा कठीण असावी, हा पहिला नियम. तो दोनच वस्तू पाळतात: लाकूड आणि प्लास्टिक.

लाकूड की प्लास्टिक?

लाकूड ओलावा शोषते, म्हणून ते अस्वच्छ. प्लास्टिक शोषत नाही, म्हणून स्वच्छ. असा समज गेली कित्येक वर्षे रूढ आहे. अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोगशाळेत तपासला आणि १९९४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लाकडाला प्लास्टिकइतके निर्धोक कसे करता येईल हे शोधायला ते निघाले होते. त्यांना आढळले ते वेगळेच. लाकडावर टाकलेले जंतू ओलाव्याबरोबर आत ओढले जातात, पृष्ठभागावर परत सापडत नाहीत आणि आत हळूहळू मरतात. नवे प्लास्टिक सहज धुऊन निघते. पण सुरीचे चरे पडलेले प्लास्टिक हाताने कितीही घासले तरी नीट स्वच्छ होत नाही, कारण जंतू चऱ्यांत सुखाने राहतात. याचा अर्थ लाकूड धुवायला नको असा कोणी घेऊ नये. अर्थ इतकाच की न्यायनिवाडा करताना नवे प्लास्टिक पुढे ठेवू नये. आपल्या ओट्यावरचे पाच वर्षांचे प्लास्टिक ठेवावे.

२०२३ साली अमेरिकेतीलच नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी आणखी एक गोष्ट मोजली. प्लास्टिकच्या फळीवर गाजर चिरताना फळीचे सूक्ष्म कण सुटतात. पॉलिएथिलीनच्या फळीतून वर्षाकाठी माणशी सुमारे ७.४ ते ५०.७ ग्रॅम कण अन्नात जाऊ शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्याच चाचणीत लाकडाचेही कण सुटले, आणि संख्येने ते अधिकच होते, हे सांगितले पाहिजे. उंदरांच्या पेशींवर या कणांचा दुष्परिणाम त्यांना दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. पण चरे पडलेली प्लास्टिकची फळी वर्षानुवर्षे वापरत राहण्याचेही कारण नाही. लाकडाला चरे पडले तर सुतार रंधा मारून ते नवे करून देतो. प्लास्टिकला रंधा नाही. ते फेकावे लागते.

कोणते लाकूड?

या शहराला लाकूड नवे नाही. लकडी-का-पूल लाकडाचा राहिला नाही तरी नाव लाकडाचेच सांगतो. आदिलाबादच्या रानातले सागवान आपल्या दारा-खिडक्यांना आहे. सागाच्या अंगात तेल असते, पाण्याला तो दाद देत नाही, वाकत नाही. म्हणून फळीलाही तो चांगला. एक उणेपण असे की सागात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात, ते सुरीची धार थोडी लवकर खातात. शिसव कठीण, जड आणि दिसायला देखणा, बाभूळही कणखर. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, पण ते मऊ असते, लवकर डागाळते आणि कीड धरते. कडुनिंबाची फळी बरी. नव्याने थोडा कडवट वास येतो, तो काही दिवसांत जातो.

पण आपल्या भागाचे खरे घाव सोसणारे लाकूड म्हणजे चिंच. बकरी ईदच्या आधी शहरात चिंचेचे ओंडके विकायला येतात. खाटीक पिढ्यान्‌पिढ्या त्यांवरच मांस तोडतात, कारण चिंच घट्ट असते आणि तिच्या ढलप्या निघत नाहीत. ओंडका उभा असतो, म्हणजे घाव लाकडाच्या तंतूंच्या टोकांवर पडतो, पाते तंतूंच्या मध्ये शिरते आणि बाहेर निघाल्यावर तंतू पुन्हा मिटतात. याच शहरात २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला तेव्हा उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेने १५० च्या आसपास माणसांना फांद्यांवर तारून नेले. त्या झाडाची आठवण मुसीकाठच्या वस्त्यांनी जपली आहे. चिंचेची फळी करून मिळाली तर अवश्य घ्यावी. मात्र ती नीट वाळलेली असावी, कारण ओली चिंच वाळताना तडकते.

बांबूच्या फळ्या सध्या सर्वत्र दिसतात. बांबू हे लाकूड नव्हे, गवत. त्याच्या पट्ट्या गोंदाने जोडून फळी करतात. ती हलकी आणि टिकाऊ असते, पण सुरीला कठोर, आणि तिचे शहाणपण गोंदाच्या दर्जावर अवलंबून. प्लायवूड आणि भुशाच्या दाबलेल्या पाटीवर अन्न चिरू नये; त्यातला गोंद पोटात जाण्यासाठी केलेला नसतो. वार्निश मारून आरशासारखी चमकवलेली फळीही नको. पहिल्याच आठवड्यात ते वार्निश भाजीत उतरते.

फळी घेताना ती वाजवून पाहावी. आम्ही शिकवणी करणारी माणसे तबल्याचे खोड घेताना हेच करतो. दोन बोटांत फळी एका कोपऱ्याशी सैल धरावी आणि मध्यभागी बोटाच्या पेराने ठोकावे. सुके, एकसंध लाकूड मोकळा, खणखणीत आवाज देते. ओले असेल, आत चीर असेल किंवा सांधा सुटलेला असेल, तर आवाज दबका, फुटका येतो. मग ती सपाट जागेवर ठेवून चारी कोपरे दाबावेत. डुलली तर परत द्यावी. जाडी इंच ते दीड इंच असावी. इंचाखालची फळी पाण्याने वाकते, दीड इंचावरची रोज उचलून धुणे जिवावर येते. लांबी पंधरा-सोळा इंच आणि रुंदी दहा-अकरा इंच, म्हणजे कोबीचा गड्डा मावतो आणि मोरीत फळी आडवी होत नाही. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने जाणाऱ्या असाव्यात. आणि वापरताना खाली ओले फडके घडी करून घालावे. घसरती फळी हे बोट कापण्याचे निम्मे कारण.

जुना नियम, नवे कारण

आपल्या घरांत सोवळ्यातली विळी वेगळी आणि एरवीची वेगळी असे. कांदा-लसणाची विळी देवाच्या नैवेद्याला लागत नसे. त्यातले सोवळे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे पाळावे. पण त्या नियमाच्या पोटात एक व्यवहार होता, तो टाकू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली निर्धोक अन्नाची जी पाच सूत्रे सांगितली त्यांत कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवावे, हे एक आहे. घरात निदान दोन फळ्या हव्यात. एकीवर कांदा, लसूण, मिरची, मातीतून आलेल्या भाज्या. दुसरीवर फळे, काकडी, आणि जे शिजवायचे नाही ते सारे. सामिष घरात मांसमाशांची तिसरी, तिला कोणी दुसरे काम सांगू नये. ओळखीसाठी कडेला तापल्या सळईने एक, दोन, तीन ठिपके द्यावेत, म्हणजे नव्या सुनेला किंवा कामाला येणाऱ्या बाईंना दरवेळी विचारावे लागत नाही.

राखण्याचे काम रोज दोन मिनिटांचे आहे. चिरून झाले की फळी लगेच धुवावी. कोमट पाणी, थोडा साबण, नारळाची शेंडी किंवा घासणी. दोन्ही बाजू ओल्या कराव्यात. एकच बाजू भिजली तर ती फुगते, दुसरी तशीच राहते, आणि फळीला बाक येतो. पुष्कळ फळ्या याच कारणाने डुलू लागतात. पाण्यात बुडवून ठेवू नये, भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नये. पुसून ती भिंतीला टेकवून उभी ठेवावी, दोन्ही अंगांना वारा लागेल अशी. ओली फळी ओट्यावर पालथी ठेवली की खालच्या बाजूला काळी बुरशी धरते, आणि पावसाळ्यात तर दोन दिवसांतच धरते.

कांद्या-लसणाचा वास राहिला तर जाडे मीठ पसरून अर्ध्या लिंबाने चोळावे, दहा मिनिटे ठेवावे, धुवावे. हळदीचा डाग सकाळच्या कोवळ्या उन्हात आपोआप फिका होतो, कारण हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही. मात्र वैशाखातल्या दुपारच्या उन्हात फळी टाकू नये. हैदराबादचा मे महिना लाकडातला उरलासुरला ओलावा ओढून घेतो, आणि ज्या घराने फळीला वर्षभर तेल दाखवले नाही त्या घराची फळी याच महिन्यात तडकते.

तेल कोणते, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. फोडणीच्या कढईतले शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल नको. ते लाकडात नीट वाळत नाही, चिकट राहते आणि महिन्याभरात खवट होते. मग फळीचा वास काकडीला लागतो. जवसाचे तेल वाळून घट्ट होते, म्हणून ते उत्तम. मराठवाड्यातून आलेल्या घरांना जवस चटणीमुळे ओळखीचा आहेच. पण ते खाण्याचे, घाण्याचे असावे. रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या जवसाच्या तेलात लवकर वाळण्यासाठी इतर द्रव्ये घातलेली असतात, ते अन्नाजवळ आणू नये. जवस मिळाला नाही तर औषधाच्या दुकानातले पिण्याच्या प्रतीचे लिक्विड पॅराफिन चालते. त्याला वास नाही आणि ते खवट होत नाही. फळी पूर्ण कोरडी असताना फडक्याने पातळ हात फिरवावा, कडांना आणि टोकांना अधिक, कारण लाकूड टोकांकडून सर्वाधिक पाणी पिते. रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी जास्तीचे तेल पुसून घ्यावे. जवसाचे असेल तर पुरते वाळेपर्यंत आणखी काही दिवस द्यावेत. तेलाचे फडके मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, पसरून वाळवावे. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. नव्या फळीला पहिला महिना दर आठवड्याला, पुढे महिन्यातून एकदा इतके पुरते. फळीवर पाण्याचा थेंब टाकावा: थेंब गोल राहिला तर तेल आहे, लगेच मुरला तर तेलाची वेळ झाली.

चरे खोल झाले की काचकागदाने, म्हणजे पॉलिशपेपरने, रेषांच्या दिशेने घासावे. फारच झाले तर सुताराकडून रंधा मारून घ्यावा आणि पुन्हा तेल द्यावे. आरपार चीर गेली मात्र, तर मोह आवरावा. ती फळी कुंडीखाली शोभते, भाजीखाली नाही.

चिरणार कोण?

हे सगळे सांगितल्यावर एक गोष्ट उरते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी, इथेच अंबरपेठेत, तिच्या आजींचे गुडघे दुखू लागले आणि त्यांचे खाली बसणे बंद झाले. विळी माळ्यावर गेली. ओट्यापाशी उभे राहणे त्यांना दहा मिनिटांच्या वर जमेना. घरातल्यांनी प्रेमानेच सांगितले, आता तुम्ही काही करू नका. साठ वर्षे ज्यांनी त्या घराची भाजी चिरली त्या बाई बाहेरच्या खोलीत दूरदर्शन संचापुढे बसू लागल्या. ऋषिपंचमीच्या भाजीला कोणत्या भाज्या पडतात हे त्यांनाच विचारायचे, पण त्या भाज्या दुसऱ्यांनी चिरायच्या. त्यांचे बोलणेच कमी झाले.

पुढे सुताराकडून एक फळी करून घेतली. तिच्या एका लांब कडेला खालून पट्टी, ती टेबलाच्या काठाला अडकते, म्हणून फळी पुढे सरकत नाही. समोरच्या कडेला वरून बोटभर उंचीची पट्टी, तिला टेकवून भाजी धरता येते आणि फोडी पलीकडे सांडत नाहीत. जेवणाच्या टेबलाशी पाठीची खुर्ची, कोपराच्या किंचित खाली फळी, हाताशी ताट. आजी पुन्हा चिरू लागल्या. गवार मोडता मोडता सुनेला हाका सुरू झाल्या, मीठ किती घातलेस, चिंच भिजवलीस का. पक्षाघाताने एक हात गेलेल्या माणसांसाठी अशाच फळीवर न गंजणारे दोन खिळे वर टोके करून बसवतात. भाजी त्यांत रोवून एका हाताने चिरता येते. काम नसेल तेव्हा टोकांवर जाड बुचे टोचून ठेवावीत.

विळीचा एक गुण आपण जाता जाता गमावला, तो हा. तिच्यामुळे बसलेल्या माणसालाही स्वयंपाकघरात जागा होती. उंच ओट्याने ती जागा काढून घेतली आणि कोणाला ते कळलेही नाही. म्हणून फळी घ्यायला जाताना लाकूड, जाडी, तेल यांच्याही आधी घरात एक प्रश्न विचारावा: तिच्यावर चिरणार कोण? उभे राहून चिरणाऱ्या सुनेची फळी वेगळी, बसून चिरणाऱ्या सासूबाईंची वेगळी, आणि शाळकरी नातवाची त्याच्या हाताच्या मापाची, लहान आणि जड. तीन फळ्यांचे लाकूड एखाद्या टिंबर डेपोत उरलेल्या तुकड्यांतूनही निघते.

माळ्यावरची विळी खाली काढणार असाल तर तिचा पाट अशाच तेलाने पुसावा, पात्याला चिंचेचा कोळ चोळून गंज काढावा, धुऊन लगेच कोरडे करून खोबरेल तेलाचा हात द्यावा. खिळा सैल झाला असेल तर आधी तो ठोकून घ्यावा आणि मगच धार लावणाऱ्याला हाक मारावी. आणि वापर संपला की पाते मिटवून ठेवावे. मिटत नसेल तर विळी आडवी करून, पाते भिंतीकडे.